खाऱ्या पाण्यातला स्वप्नातला मासा: ध्येय कसं ठरवता, तयारी कशी करता?

खडकबगळा

हौसेने समुद्रावर गरी टाकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक मासा ठाण मांडून बसलेला असतो. कुणाला जायंट ट्रेव्हली (पुढे नुसतं जीटी लिहितो), कुणाला टार्पन, कुणाला फ्लायवर (पिसं-दोऱ्यांच्या हलक्या खोट्या आमिषावर) परमिट नावाचा मासा, तर कुणाला थेट हजार पौंडी मार्लिन. पण 'एकदा तरी मोठा जीटी काढायचाय' एवढंच म्हटलं की तयारी कुठून सुरू करायची तेच कळत नाही.

माझं मत असं की ध्येयात चार गोष्टी स्पष्ट हव्यात. जात कोणती, पद्धत कोणती, लाईन किती ताकदीची, आणि मासा हाती आल्यावर त्याचं काय करणार. 'खडकावरून, पॉपरवर, पीई ८ लाईनवर, १०० सेंमीचा जीटी, मोजून सोडायचा' असं एकदा कागदावर उतरलं की रॉड, रीळ, गाठी, भरतीची वेळ, सोबतीला कोण हवं, हे सगळं त्यातूनच निघत जातं. (पॉपर म्हणजे पाण्यावर फवारा उडवत ओढायचं खोटं आमिष, पीई म्हणजे लाईनच्या जाडीचा क्रमांक.)

तुमच्या यादीत काय आहे? वजन धरता की लांबी? आणि मुख्य म्हणजे, त्या माशासाठी नेमकी काय तयारी लागते ते सविस्तर लिहा.

पीई_आठ

धागा उत्तम. उदाहरणच जीटीचं घेतलंय तर तिथूनच सुरू करतो.

पीई ८ ची चांगली ब्रेडेड (विणलेली) लाईन ढोबळमानाने ४० ते ४५ किलोला तुटते. ड्रॅग (रीळाचा ब्रेक, लाईन किती ओढीला सुटेल ते ठरवणारा) तुटण्याच्या ताकदीच्या पाव भाग धरला तर १० ते ११ किलो. आता ११ किलोची ओढ म्हणजे काय ते घरीच बघा: वजनकाटा खांबाला बांधा, लाईन गाइडमधून (रॉडवरच्या रिंगांतून) काढून काट्याला अडकवा, रॉड ४५ अंशांत धरा आणि काट्यावर ११ येईपर्यंत मागे झुका. बहुतेकांना अर्धा मिनिटही नीट उभं राहता येत नाही. खडकावर पाय ओले, समोर लाट, आणि हीच ओढ अचानक आलेली. म्हणून खडकावरून सुरुवात ७-८ किलोने करावी. बोटीवर १२-१३ किलोपर्यंत जाता येतं, कारण तिथे गुडघा कठड्याला टेकवता येतो आणि बोट माशाला खोल पाण्याकडे ओढून नेऊ शकते.

बाकी सामान: १८००० ते २०००० आकाराचं स्पिनिंग रीळ, त्यावर किमान ३०० मीटर लाईन, २ ते ३ मीटर नायलॉन लीडर (लाईनच्या टोकाला जोडायचा जाड तुकडा) १५० ते २०० पौंडी. लीडर फ्लुरोकार्बनपेक्षा नायलॉनचा बरा वाटतो. जाडीत तो मऊ राहतो, थोडा ताणला जातो आणि पॉपरला पृष्ठभागावर ठेवतो. पॉपरवर तिकाटी गळांऐवजी जाड तारेचे एकेरी गळ लावा, काटा पक्कडने दाबून टाका. बारीक तारेचा गळ ११ किलोवर सरळ होतो, आणि तो उघडला की लोक दोष लाईनला देतात. स्प्लिट रिंग आणि स्विव्हलही तपासा. साखळीत जी कडी सर्वांत कच्ची तिथेच मासा सुटतो, आणि ती कडी बहुतेक वेळा दोन रुपयांच्या वस्तूएवढी छोटी असते.

जीटी लागल्यावरची पहिली २० सेकंदं महत्त्वाची. तो सरळ प्रवाळाच्या कडेकडे जातो. तेव्हा रॉड उंच करू नका. टोक खाली, बूड पोटाशी, कंबरेतून जोर. रॉड उभा केला की टोकाचा नाजूक भाग एकटाच वाकतो आणि मोडतो.

लाटांकित

+१. 'खडकावरून ७-८ किलो' हे वाक्य ठळक करून ठेवा कुणीतरी. लाइफ जॅकेट आणि तळाला खिळे असलेले बूट हेही त्याच ओळीत लिहा.

सपाटपाणी

खडकबगळा, चारपैकी 'पद्धत' पहिली लिहा असं सुचवेन. एकच मासा दोन पद्धतींनी दोन वेगळे मासे होतो.

परमिटचं घ्या. जिवंत खेकडा लावून तो मिळणं हा चांगला दिवस. उथळ पाण्यात चालत जाऊन, डोळ्यांनी शोधून, खेकड्याच्या आकाराच्या फ्लायवर तो घेणं हे अनेकांचं अख्खं स्वप्न. साधारण ९ किंवा १० वजनाचा (हा क्रमांक आहे, किलो नव्हे) फ्लाय रॉड, २०० मीटरच्या आसपास बॅकिंग (फ्लाय लाईनमागची राखीव लाईन), १६ ते २० पौंडी फ्लुरोकार्बन टिपेट (फ्लायला बांधायचं शेवटचं बारीक टोक). मासा खाली डोकं घालून शेपूट वर काढतो तेव्हा फ्लाय त्याच्या पुढ्यात हात-दीड हातावर पडायला हवी, आणि पडल्यावर तळाशी बुडू द्यायची. खरा खेकडा संकट दिसलं की खाली जातो. फ्लाय ओढत बसलात तर परमिट मागे येतो, बघतो आणि वळून जातो.

बोनफिशला ८ वजनाचा रॉड पुरतो. त्याच्यापुढे मात्र दोन-तीन मीटर अंतर ठेवा. तो उथळ पाण्यात फार बुजरा असतो, लाईनची सावली पडली तरी पळतो.

दोन्हींत घात करणारी सवय एकच: मासा लागल्याबरोबर रॉड वर झटकणं. रॉड माशाकडे रोखून डाव्या हाताने लाईन लांब, सरळ ओढायची. गळ बसला नाही तरी फ्लाय पाण्यातच राहते, मासा परत घेऊ शकतो. रॉड वर मारला की फ्लाय हवेत आणि मासा क्षितिजापार. गळ बसल्यावर माशाकडे बघू नका, पायाशी पडलेल्या लाईनकडे बघा. ती सुटी होऊन रीळावर जाईपर्यंत लढत सुरूच झालेली नसते. बटण, घड्याळ, रॉडचं बूड, कशातही एक वेटोळं अडकलं की टिपेट गेलं.

गाठमास्तर

पीई_आठ यांनी कड्या आणि स्विव्हल सांगितले, पण ब्रेडेड आणि लीडरच्या जोडाबद्दल कुणी लिहिलं नाही. मोठे मासे सर्वांत जास्त तिथेच जातात. एफजी गाठ नीट शिका, घाईत नको.

ब्रेडेड लाईन ताठ हवी. एक टोक रॉडच्या गाइडमधून येऊन रॉड वाकवून ठेवतं, दुसरं बोटाला गुंडाळा. लीडरचं टोक त्या ताठ लाईनवर एकदा वरून, एकदा खालून असं आळीपाळीने न्या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून बसायला हवा. जाड लाईनला २० वेढे पुरतात, पीई १-२ सारख्या बारीक लाईनला २२ ते २४ घ्या. मग लाईनच्या सुट्या टोकाने लीडर आणि मुख्य लाईन दोन्हींभोवती दोन अर्धगाठी, प्रत्येक दाबून. आता थुंकीने ओलं करा आणि हातमोजे घालून मुख्य लाईन व लीडर विरुद्ध दिशांना जोर लावून ओढा.

इथे बघा: वेढे लीडरमध्ये रुतले की लाईनचा रंग गडद होतो आणि ते सपाट दिसतात. रंग फिकाच राहिला, वेढे फुगलेले दिसले, तर गाठ बसलेली नाही. ती टाकून नवी बांधा. रंग बदलल्यावरच लीडरचं टोक १-२ मिमी ठेवून कापा, मग नुसत्या मुख्य लाईनवर आलटून-पालटून ६ ते ८ अर्धगाठी.

गाठ सरकते त्याची कारणं बहुतेक दोनच. बांधताना ताण सुटला, किंवा वेढे एकमेकांवर चढले. गोंद लावून यातलं काहीही दुरुस्त होत नाही.

नवी_गरी

गाठमास्तर, बोटीवर वाऱ्यात ही गाठ बांधायची वेळ आली तर? की घरूनच तीन-चार जोड तयार करून न्यावेत?

गाठमास्तर

जोडलेले लीडर न्यायचे तर लाईनच्या टोकाला बिमिनी ट्विस्टचा फास हवा, म्हणजे फासात फास अडकवता येतो. बिमिनी घरी शांतपणे घालून ठेवा. वाऱ्यात एफजी जमत नसेल तर बोटीवर दुहेरी युनी बांधा. ती जाड असते, गाइडमध्ये टकटक करते, ताकदही कमी, पण अर्धवट बसलेल्या एफजीपेक्षा शंभर पटींनी भरवशाची.

तराजू

लांबी की वजन यावर. मी वजनाच्या बाजूने, कारण वजनामागे नियमांची शिस्त आहे. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन १९३९ पासून हे काम करते. विक्रम करायचा नसला तरी त्यांचे नियम वाचून स्वतःचं ध्येय लिहावं, लढत स्वच्छ होते.

थोडक्यात: गळ बसल्यापासून मासा जवळ येईपर्यंत रॉड, रीळ किंवा लाईनला दुसऱ्या कुणाचा हात लागला की बाद. रॉड बोटीच्या कठड्यावर टेकवला तरी बाद. आमिषावर दुहेरी-तिहेरी गळ चालत नाहीत, कृत्रिम ल्युअरवर अटींसह चालतात. १० किलोपर्यंतच्या लाईनवर दुहेरी लाईन आणि लीडर मिळून जास्तीत जास्त ६.१ मीटर, त्यावरच्या लाईनवर १२.१९ मीटर. वजन जमिनीवरच, वर्षभरात प्रमाणित केलेल्या काट्यावर. लाईनवर्गाच्या (लाईनच्या ताकदीनुसार ठरलेल्या गटाच्या) विक्रमासाठी लाईनचा किमान १५.२४ मीटर नमुना पाठवायचा. तो ओला करून तोडून बघतात. लाईन वर्गापेक्षा मजबूत निघाली तर मासा वरच्या वर्गात ढकलला जातो.

यात अनेकजण फसतात. वेष्टनावर २० पौंड लिहिलेली ब्रेडेड ३० लाही तुटत नाही. वर्ग गाठायचा असेल तर हमी दिलेली वर्गलाईनच घ्या.

आणि जुना विक्रम २५ पौंडांच्या आतला असेल तर तो मोडायला २ औंस जास्त हवेत, त्याहून मोठा असेल तर अर्धा टक्का.

भरतीओढ

तराजू, शिस्तीबद्दल पूर्ण सहमत, वजनाबद्दल अजिबात नाही. जमिनीवर वजन म्हणजे बहुतेक वेळा मेलेला मासा. आणि सर्वांत मोठे मासे कोणते? मार्लिन, टार्पन यांत जवळजवळ नेहमी माद्या. ब्लॅक मार्लिनचा नर २०० किलोच्या वर क्वचित जातो, म्हणजे 'हजार पौंडी' म्हणून जो मासा स्वप्नात येतो ती अंड्यांनी भरलेली मादीच. तिला काट्यावर टांगून काय मिळवायचं? त्याच संस्थेने लांबी मोजून जिवंत सोडण्याचा वर्गही ठेवलाय.

ध्येय सेंटिमीटरमध्ये लिहा. वजन हवंच असेल तर पाण्याशेजारीच काढता येतं: सर्वांत जाड जागेचा घेर आणि शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी सेंमीत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले २८,९००. घेर ७२ आणि लांबी १०० असेल तर जवळजवळ १८ किलो. सुरमई, बॅराकुडा अशा सडपातळ माशांना हे सूत्र थोडं जास्त वजन दाखवतं, तिथे भाजक ३२,५०० धरा.

तराजू

अंदाजी वजन हे अंदाजच राहतं. घेर ७२ ऐवजी ७४ मोजला की त्याच माशाचं वजन १८ चं १९ होतं. वर्ग केल्यावर चूक दुप्पट होते. मऊ फीत ओली करून, न आवळता, दोनदा मोजा. लांबीच्या विक्रमांचा वर्ग आहे हे मान्य, आणि माद्यांबद्दलचा मुद्दाही मान्य. पण जिथे मासा घरी न्यायचाच आहे तिथे काटा खरा.

शिडाचा_पंख

मार्लिनचा विषय निघालाच आहे तर. आल्फ्रेड ग्लासेल यांनी ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरूमधल्या काबो ब्लांकोजवळ १,५६० पौंडांचा, म्हणजे ७०७ किलोंचा ब्लॅक मार्लिन काढला. आजही तोच विक्रम. केन फ्रेझर यांचा १,४९६ पौंडी ब्लूफिन टूना १९७९ चा, नोव्हा स्कोशियातला. हे आकडे बघून ध्येय ठरवू नये. ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ १९६६ साली पहिला हजार पौंडी मार्लिन निघाला आणि तो ८० पौंडी लाईनवर होता. ध्येय म्हणून मला ही गोष्ट जास्त मोलाची वाटते: अनोळखी पाणी, हलकी लाईन.

पण मार्लिनआधी सेलफिश करा, आणि तो ८ किलोच्या लाईनवर करा. यात सगळं शिकून होतं. गळ सर्क्युलर (गोलाकार वळलेला), टोक बाजूला न वाकवलेला, आमिषाच्या आत न खुपसता वर रबरी रिंगने किंवा दोऱ्याने बांधलेला. मासा आमिष उचलतो तेव्हा रीळ मोकळं सोडायचं, अंगठ्याने हलका दाब, नाहीतर लाईनचा गुंता होतो. चार-पाच सेकंद. मग रॉड माशाकडे रोखून ड्रॅगचा लीव्हर हळूहळू पुढे, लाईन ताठ होऊ द्या. ड्रॅग २ ते २.४ किलो. झटका मारायचा नाही! सर्क्युलर गळ माशाने तोंड वळवल्यावर जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप फिरून बसतो. झटका मारला की तो तोंडातून सरळ बाहेर येतो. जे-गळाची (नेहमीच्या J आकाराच्या गळाची) सवय असलेल्यांना हे सोडायला सर्वांत जड जातं.

पीई_आठ

ड्रॅगबद्दल एक भर घालतो. काट्यावर ड्रॅग भरलेल्या स्पूलने (लाईन गुंडाळलेल्या चाकाने) मोजला जातो, लढत मात्र रिकाम्या होत जाणाऱ्या स्पूलवर होते. ड्रॅगची चकती तेवढ्याच जोराने धरते, पण लाईन केंद्राच्या जवळून निघू लागते, त्यामुळे ओढ वाढते. भरलेल्या स्पूलवर लाईनचा व्यास ७० मिमी आणि बरीच लाईन गेल्यावर ५० मिमी राहिला, तर १० किलोचा ड्रॅग १४ किलो झालेला असतो. त्यात पाण्यात गेलेल्या २०० मीटर लाईनची स्वतःची ओढ आणि गाइडवरचं घर्षण. म्हणून लांब धाव घेणाऱ्या माशाला, म्हणजे टूना, सेलफिश, बोनफिश यांना, लाईन गेल्यावर ड्रॅग कमी करायचा असतो. घाबरून आवळतात तिथेच लाईन तुटते.

उलट जीटी आणि डॉगटूथ टूनासारख्या खडकाकडे धावणाऱ्यांना ५० मीटरच्या आत थांबवायचं. तिथे सुरुवातीलाच पूर्ण ड्रॅग.

सुरमईचा_दात

तुमच्या यादीत तारेचं नाव नाही म्हणून लिहितो. सुरमई, वाहू, बॅराकुडा यांच्यासाठी नायलॉन कितीही जाड असो, दात एका फटक्यात कापतात. सिंगल स्ट्रँड तारेला हेवायर ट्विस्ट घाला. आधी दोन्ही तारा एकमेकींभोवती सारख्या पिळा, साडेतीन-चार पीळ, मग सुटी तार उभ्या तारेवर काटकोनात पाच-सहा घट्ट वेटोळी. शेवटचं टोक पक्कडने कापू नका, वाकवून पुढे-मागे हलवून तोडा, म्हणजे हात कापणारी धार राहत नाही. पीळ सारखे नसले, एकच तार दुसरीभोवती फिरली, तर ताणाखाली ती सरकते. तारेत एकही मोड आला असेल तर ती फेका. मोडावरच तुटणार.

तार दिसते म्हणून मासे कमी लागतात हे खरं. उजेड कमी असताना तारेचा तोटा कमी होतो.

बारीकगळ

सगळे मोठ्या माशांवर बोलताय. माझी यादी जातींची आहे, आणि त्यातला स्वप्नातला मासा बोटभर लांबीचा आहे.

जातींची यादी करणाऱ्याचं कौशल्य वेगळं. अगदी बारीक टिपेट, अगदी लहान गळ, शिशाचा एक मणी, आमिष म्हणून कोळंबीचा तांदळाएवढा कण. खडकातल्या डबक्यात, धक्क्याच्या खांबाशी, समुद्री गवतात टाकायचं. गोबी आणि ब्लेनी आमिष ओठांनी तपासून थुंकतात, म्हणून आमिष गळाच्या टोकावरच ठेवा, मागे लोंबू देऊ नका.

खरा कस ओळख पटवण्यात आहे. फोटो छोट्या पारदर्शक डबीत पाण्यासकट काढा, पर उघडलेले दिसतात. पाठीवरच्या परातले कडक काटे आणि मऊ किरणं मोजता आली पाहिजेत, बाजूची रेषा कुठे वळते ते दिसलं पाहिजे. रंगावर विसंबू नका. रॅस आणि पॅरटफिशमध्ये पिल्लू, मादी आणि नर यांचे रंग एवढे वेगळे असतात की एका जातीच्या तीन नोंदी होतात. पूर्वी संशोधकांनीही यांना वेगळ्या जाती म्हणून नावं दिली होती.

सपाटपाणी

बारीकगळ, सुंदर प्रतिसाद. डोळे तयार करायला याहून चांगला सराव नाही. उथळ पाण्यात मासा बघायला शिकवताना हेच सांगतात, पाण्याकडे बघू नका, तळाकडे बघा. ध्रुवित चष्मा मात्र हवाच, तांबूस काचेचा.

लाटांकित

अवांतर: फोटोत मासा कॅमेऱ्याकडे इतका पुढे धरू नका की बोट लहान आणि हात गायब व्हावेत. लांबी फितीवरच दाखवा, मित्र फोटो बघून चिडवणार नाहीत :)

भरतीओढ

अवांतरातूनच मुद्द्याचं. ध्येयाचा चौथा भाग, सोडणं, त्यावर एवढ्या मोठ्या धाग्यात कमी लिहिलं गेलंय. मासा सोडण्याची तयारी गळ टाकण्याआधीच झालेली हवी. पक्कड कमरेला, फीत ओली, कॅमेरा सुरू, जाळी रबराची.

मासा पाण्याबाहेर काढताना स्वतःचा श्वास रोखा, तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की तो पाण्यात परत. मोठा मासा जबड्याला धरून उभा टांगू नका, मानेचे सांधे आणि आतले अवयव त्याच्या वजनाने ताणले जातात. एक हात शेपटीच्या देठाशी, दुसरा पोटाखाली, आडवा. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत. फ्लोरिडात ४० इंचांहून मोठा टार्पन पाण्याबाहेर काढायलाच बंदी आहे, आणि नियम नसेल तिथेही तसंच वागावं.

जाताना माशाचं तोंड प्रवाहाकडे धरून ठेवा. पुढे-मागे ढकलू नका. मागे ओढल्यावर पाणी कल्ल्यांतून उलटं जातं, त्याचा फायदा नाही. तो शेपटीने हात झटकेल तेव्हाच सोडा. टूना वेगळा. त्याला पोहत राहिल्याशिवाय श्वास घेता येत नाही, त्याला डोकं खाली करून जोरात पाण्यात सोडायचा, म्हणजे वेग त्याला लगेच मिळतो.

खोल पाण्यातल्या तांबोशी, ग्रूपर यांचं आणखी निराळं. २० मीटरपेक्षा खोलवरून वर येताना वाताशय फुगतो, डोळे बाहेर येतात, कधी तोंडातून जठर बाहेर ढकललं जातं. तो फुगा टोचू नका, तो वाताशय नसतो, जठर असतं. खालच्या जबड्याला चिमटा लावून चार-पाच किलोच्या माशाला दीड-दोन किलो शिसं बांधा आणि त्याला खाली नेऊन सोडा. दाब वाढला की वायू आकसतो आणि मासा स्वतःच निघून जातो. पृष्ठभागावर सोडला तर तो तरंगत राहतो आणि पक्षी टोचतात.

शिडाचा_पंख

भरतीओढ, एक प्रश्न. हलक्या लाईनचा आग्रह आणि माशाची काळजी यांत विरोध नाही का? ८ किलोच्या लाईनवर तासभर लढलेला मासा दमून मेला तर लांबी मोजण्याला काय अर्थ?

भरतीओढ

विरोध आहे, बरोबर बोललात. उपाय असा की लाईन निवडताना वेळेची मर्यादाही लिहायची. मला योग्य वाटणारं: उथळ पाण्यातल्या माशाला १०-१५ मिनिटं, सेलफिशला अर्धा तास. त्यापुढे जात असेल तर बोट माशाकडे न्या, कोन बदला, नाहीतर पुढच्या वेळी एक वर्ग जाड लाईन घ्या. टार्पनची लढत लांबते त्याचं कारण तो वर येऊन हवा गिळतो आणि ताजातवाना होतो. तो वर यायला लागला की रॉड आडवा करून त्याचं डोकं बाजूला वळवा, हवा घेऊ देऊ नका. उडी मारली तर मात्र रॉडचं टोक लगेच त्याच्याकडे झुकवून लाईन सैल. हवेत त्याच्या अंगाचं सगळं वजन ताठ लाईनवर पडलं तर गळ निसटतो किंवा लीडर तुटतो.

खडकबगळा

फार छान चर्चा. वेळेची मर्यादा हा माझ्या यादीतला पाचवा मुद्दा झाला.

नवी_गरी

माझ्यासारख्यांनी सुरुवात कुठून करावी? जीटी स्वप्न म्हणून आहेच, पण एवढी तयारी वाचून पोटात गोळा आला.

पीई_आठ

स्वप्न तेच ठेवा, टप्पे लहान करा. आधी त्याच घराण्यातला छोटा ट्रेव्हली, पीई २ लाईनवर, ३० ग्रॅमच्या पॉपरवर. हातात तीच फेक, तोच ताल, तीच पहिली धाव येते, फक्त ड्रॅग दोन-अडीच किलो. पॉपरचा ताल असा शिका: रॉडने एक लांब ओढ, पाण्याचा फवारा, थांबा, मोकळी लाईन गुंडाळा, परत ओढ. थांबण्यात बहुतेक मासे लागतात. मग पीई ४, ३० ग्रॅमऐवजी ८०, मग जिगिंगवर (जड आमिष खोल सोडून उचलत आणण्यावर) खोल पाण्यातली ओढ. पीई ८ चा रॉड तासभर सलग फेकता येऊ लागला की तयार झालात असं समजा. दीडशे ग्रॅमचा पॉपर दोन तास फेकल्यावर खांदा बोलायला लागतो, आणि मासा नेमका तेव्हा येतो.

सुरमईचा_दात

आणि घरी आल्यावर रीळ. ड्रॅग पूर्ण आवळा, मग गोड्या पाण्याची हलकी धार, जोराचा फवारा नको, तो मीठ आत ढकलतो. पुसा, मग ड्रॅग पूर्ण सैल सोडून सावलीत वाळवा. आवळलेला तसाच ठेवला तर चकत्या दबून चिकटतात आणि पुढच्या वेळी ओढ धक्क्याधक्क्याने सुटते. त्या पहिल्या धक्क्यालाच बारीक लाईन जाते.

लाटांकित

मूळ प्रश्नावर परत येतो. खडकबगळा, तुमच्या पाच मुद्द्यांत 'पाण्याची वेळ' सहावी लिहा. जिथे दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते तिथे सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात बाराव्या भागाएवढं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. खडकाच्या कडेला, खडकांमधल्या वाटेत, जीटी त्या ओढीवर उभा राहतो, कारण छोटे मासे तिथे प्रवाहात सापडतात. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त, भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) कमी. बोनफिश मात्र चढत्या पाण्याबरोबर सपाट भागावर येतो आणि उतरत्यावर निघून जातो, त्याला भांगाचं संथ पाणीही चालतं.

एकाच जागी, एकाच अवस्थेत, वेगवेगळ्या वाऱ्यांत जाऊन वहीत चार रकाने भरा: पाण्याची अवस्था, वारा कुठून, पाणी गढूळ की स्वच्छ, मासे दिसले का. लागले का हा रकाना पाचवा. दिसले आणि लागले नाहीत त्या नोंदी जास्त शिकवतात.

खडकबगळा

सहावा लिहिला. आता ओळ अशी झाली: 'उधाणाच्या चढत्या पाण्याचे मधले दोन तास, खडकावरून, एकेरी काटादाब गळांच्या पॉपरवर, पीई ८, ड्रॅग ८ किलो, १५ मिनिटांच्या आत, १०० सेंमीचा जीटी, फितीवर मोजून सोडायचा.' कुणाला यात काही खटकतंय का?

गाठमास्तर

एकच. पीई ८ बरोबर ८ किलो ड्रॅग घेताय तर लाईनची पाव ताकदही वापरात येत नाही, आणि तेवढ्यासाठी जड रीळ घेऊन दिवसभर खडकावर उभे राहणार. पीई ६ घ्या. बारीक लाईन लांब जाते, वाऱ्यात कमी फुगते, आणि ८ किलो तिच्या पाव भागाच्या जवळ बसतो. लीडर मात्र १५० पौंडांच्या खाली नको, खडक घासणार तो लीडरलाच.

पीई_आठ

नावाला जागून विरोध करावासा वाटतोय, पण खडक फार धारदार नसेल तर गाठमास्तर बरोबर आहेत. प्रवाळ असेल तर पीई ८ च. ताकदीसाठी नव्हे, घासल्यावर थोडी शिल्लक राहावी म्हणून. खडकबगळा, तुमच्या जागेचा तळ कसा आहे ते लिहा, मग ठरवू.